भुवईचं जाऊळ

माझी डावी भुवई मुळात डोक्याच्या मागची आहे. डाव्या कानामागं, वेणीखाली हात फिरवला तर एक बारीक गुळगुळीत रेघ लागते. तिथून ती काढून पुढं आणली. म्हणजे खरं पाहिलं तर ते डोक्याचे केस. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्यामुळंच झाला. शिवाय आता मला हे सांगायची लाज वाटत नाही. कुणी विचारलं नाही तर मीच विषय काढते.

पहिली भुवई मी सहा वर्षांची असताना जळाली. आसेगावला, मायच्या माहेरी, एका लग्नात. शालिग्राम मामा तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा होता आणि गॅसबत्तीला हवा भरायचं काम त्याच्याकडं होतं. "मामा, मले पाहू दे," म्हणत मी वाकले. "पाह्य," म्हणून त्यानं आणखी दोन दट्टे मारले आणि भपका झाला. डोळा वाचला, पापणी परत आली. भुवई काही आली नाही. तिथली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी चकचकीत होऊन बसली.

मी काजळानं भुवई काढून शाळेत जायची. मंगरूळपीरच्या उन्हात ती प्रार्थनेच्या आधीच गालावर उतरायची. वर्गातली पोरं मला 'एकशिंगी' म्हणायची. एक शिंग मोडलेल्या गाईला म्हणतात तसं. मी डाव्या बाजूला भिंत येईल अशी जागा धरून बसायची. पण खरं सांगते, माझ्यापेक्षा वाईट हाल मामाचे होते.

मामा दर बाजाराला घरी यायचा. हिरव्या तुरीच्या शेंगा, बोरं, काहीतरी पिशवीत असायचंच. ओट्यावर बसायचा, माझ्याशी बोलायचा, पण तोंडाकडं पाहायचा नाही. माय म्हणायची, "आठ वर्सं झाली, भाचीसंगं बोलते अन् पाह्यते माह्या म्हशीकडं. म्हशीले वाटते मलेच इचारून राह्यला अभ्यास."

त्यातून त्यानं मिशी ठेवणं सोडलं होतं. हिची भुवई येईल तवा माही मिशी येईल, असं काहीतरी त्यानं मनाशी धरलं होतं. आमच्याकडं मिशी उतरवतात ती बाप गेल्यावर. आजोबा तर धडधाकट. ते चावडीवर बसून सगळ्यांना सांगायचे, "मी जिता आहे अन् हा लेकाचा मिशी उतरवून गावभर फिरून राह्यला. लोक मले पाहून दचकतात." मुलगी दाखवायला आलेले लोकही पहिल्यांदा आजोबांचंच विचारायचे. मायनं, बाबांनी, सगळ्यांनी समजावलं. मामा हसायचा आणि दर आठवड्याला देवला न्हाव्यासमोर जाऊन बसायचा.

मागच्या उन्हाळ्यात मामा शेजारच्या एका आजारी माणसासोबत नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात गेला होता. तिथं त्यानं भुवई शिवलेला एक माणूस पाहिला. परत आला तो आसेगावला न जाता थेट आमच्या घरी.

"डोक्याची कातडी केसासकट काढतात अन् इथं लावतात," तो म्हशीला म्हणाला.

बाबा जेवत होते. "भुवई काय ज्वारी आहे का शालिग्राम, पेरली अन् उगवली?"

"उगवते, भाऊजी. म्या डोयानं पाह्यली."

"अन् नाई उगवली त?"

मामानं पुन्हा म्हशीकडं पाहिलं. मग मीच म्हणाले, "नाई उगवली त काजय आहेच." बाबांनी माझ्याकडं पाहिलं, मायकडं पाहिलं, आणि ताटात हात धुतला. म्हणजे हो.

कारंज्यापर्यंत मोटार, तिथून मूर्तिजापूरपर्यंत रेल्वेची लहान गाडी, पुढं नागपूरची मोठी गाडी. मी आणि मामा. डॉक्टर उंच होते. त्यांनी शिंप्यासारखं कागदावर माझ्या उजव्या भुवईचं माप घेतलं, तो कागद कापून उलटा केला, डाव्या बाजूला ठेवला आणि जांभळ्या औषधानं भोवती रेघ मारली. मग भुलीच्या सुया. त्यानंतर दुखलं नाही. फक्त कानामागं कापड फाडल्यासारखा आवाज येत होता, आणि ते कापड म्हणजे मी आहे हे कळत होतं. मी सिस्टरला विचारलं, "किती टाके?" ती म्हणाली, "बोलू नकोस, भुवई हलते." मी जन्मात पहिल्यांदा पाऊण तास गप्प बसले.

बाहेर आणलं तर बाकावर मामा आडवा आणि एक वॉर्डबॉय त्याच्या तोंडावर पाणी मारतोय. दारातून त्यानं सुई पाहिली होती.

पुढचे सात दिवस खरी शिक्षा होती. कपाळावर कापसाचा गोळा टाक्यांनी बांधलेला, डोक्याभोवती पट्टी, डावा कान त्या पट्टीत बंद. आणि हुकूम असा की हसायचं नाही, कपाळाला आठी पाडायची नाही, चावायचं नाही. तिथं बसवलेली कातडी जरा सरकली तर मरते म्हणे. मामानं हे फारच मनावर घेतलं. मला हसू येऊ नये म्हणून तो खाटेजवळ बसून पाढे म्हणायचा. एवढ्या नीरस गोष्टीला कुणी हसत नाही, असा त्याचा हिशेब. एकोणतीसच्या पाढ्यात तो दर वेळी एकाच जागी अडकायचा, छताकडं पाहायचा आणि परत एकोणतीस एके पासून सुरू करायचा. तिसऱ्या दिवशी मला आवरेना. मी पोट धरून, तोंड न हलवता, नाकातून हसले. सिस्टर धावत आली आणि मला सोडून मामाला रागावली.

आठव्या दिवशी गोळा सोडला. आरशात काळसर खपलीची एक पट्टी आणि तिच्यात आखूड, ताठ केस. मी त्या भुवईच्या प्रेमातच पडले. मामानं माझ्या हनुवटीपर्यंत नजर आणली, पण वर काही गेली नाही.

निघायच्या दिवशी मामा टांगा आणायला गेला होता, तेव्हा डॉक्टर आले. ते माझ्या डाव्या बाजूला उभे राहून बरंच काही बोलले. कानामागच्या टाक्यांमुळं कानावर अजून पट्टी होती. मला शेवटचं "केस येतील, काळजी करू नकोस" एवढं ऐकू आलं. मोठ्या माणसाला "पुन्हा सांगा" कसं म्हणायचं, म्हणून मी मान हलवली. मामाला सांगितलं, "केस येतील म्हणे." मामानं टांगेवाल्याला सांगितलं.

घरी आल्यावर बायका रांगेनं पाहायला आल्या. एक म्हणाली, "माय वं, खरीच हाये." दुसरी म्हणाली, "हात लावू का?" माय म्हणाली, "देवाले बी एवढं कोणी विचारत नाई, दुरून पाहा." मामानं न्हाव्याकडं जाणं बंद केलं.

तिसऱ्या आठवड्यात तोंड धुताना खपली हातात आली. खपलीत केस. दुसऱ्या दिवशी आणखी. आठ दिवसांत सगळी भुवई गेली आणि तिथं गुलाबी, उघडी पट्टी राहिली. माय चुलीपुढं बसून होती, मला पाहिलं की राख सारखी करायची. बाबांनी ज्वारीचं नावही काढलं नाही.

बाजाराला मामा आला, पिशवी ठेवली, आणि त्या दिवशी त्याची नजर चुकून वर गेली. पाणी न पिता उठला. पुढच्या बाजाराला आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मग आसेगावचा एक माणूस गावात तेल न्यायला आला, तो ओट्याशी थांबून सहज बोलून गेला, "तुमच्या शालिग्रामानं मिशी पुन्हा उतरवली. बापाची तब्येत बरी आहे ना?"

माय रडली. मी मायला रडताना एरवी पाहिलेलं नाही. ती म्हणाली, "केसाचं काय घेऊन बसली तू. माहा भाऊ गेला हातचा."

मग मी पोस्टकार्ड घेतलं. मी कुणा मोठ्या माणसाला आयुष्यात पत्र लिहिलं नव्हतं. 'तीर्थरूप' लिहावं की 'महाराज', यावर अर्धा तास गेला. शेवटी नुसतं 'डॉक्टरसाहेब' लिहिलं, आणि खाली: 'आपण लावलेले केस सर्व गळाले. माझे चालेल, परंतु माझ्या मामाचे चालणार नाही. उपाय कळवावा.' बाबांना न दाखवता पेटीत टाकलं.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. मी ते दारातच वाचलं आणि बाबांच्या मागं लागले की आत्ताच्या आत्ता आसेगाव. बाबा म्हणाले, "उद्या." मी म्हणाले, "आज." मी असं कधी बोलत नसे. बाबांनी टोपी घातली.

मामा पराटीत, कपाशीच्या शेतात होता, तण काढायच्या डवऱ्यामागं. तणाच्या वासानं सगळं रान भरलेलं. मी पिकाच्या तासातून पळत गेले आणि बैलांच्या समोरच उभी राहिले, म्हणजे त्याला थांबावंच लागलं.

"वाजू का?" मी म्हणाले. मला धाप लागली होती, 'वाचू' म्हणायचं होतं.

"काय वाजते? बस, पाणी पे."

मी वाचलं: "चि. मुलीस आशीर्वाद. लावलेले केस पहिल्या महिन्यात गळणारच होते, हे मी तुला निघताना सांगितले होते. मुळे जिवंत आहेत. तीन महिने वाट पाहा. दुसरे, तेही सांगितले होते: हे डोक्याचे केस आहेत, ते भुवईसारखे थांबणार नाहीत, वाढतच राहतील. आले की कापत जा."

मामा म्हणाला, "पुन्यांदा वाच."

वाचलं.

"ते गळणारच होते, तेवढंच."

"गळणारच होते."

"अन् त्यायनं तुले सांगतलं होतं."

"हाव."

"मंग कान कुठं होता तुहा?"

"पट्टीत."

मामानं डवऱ्याचं रुमणं हातातून सोडलं आणि तासात बसून असा हसला की बाबा बांधावरून विचारू लागले, काय झालं, कोणाले चावलं.

पोळ्याच्या आठवड्यात गुलाबी पट्टीवर काळे ठिपके दिसले. मला आधी वाटलं काजळ राहिलं. पुसलं तर जाईनात. दसऱ्यापर्यंत भुवई झाली, दिवाळीला दाट झाली, आणि मग, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं, ती थांबेचना. पापणीवर आली. मी कात्री शोधायला लागले तर मायनं हात धरला.

"डोक्स्याचे केस हायेत ना? अन् नवे हायेत ना? मंग हे जाऊळ झालं. जाऊळ मामाच्या मांडीवर निंघते."

"माय, मी चौदा वर्सांची हाये."

"भुवई सहा महिन्याची हाये."

मामाला निरोप गेला. मामा कापूस वेचणीत होता. मग तूर आली. मग बैल लंगडत होता. मग आणखी काही. माझी भुवई डोळ्यावरून खाली उतरली. मी तिला तेल लावून कानशिलाकडं वळवायची आणि केसांचा आकडा लावायची. गणिताच्या गुरुजींनी विचारलं, "विजयमाला, हे काय आहे?" मी उभी राहून सगळ्या वर्गासमोर सांगितलं: कातडी, टाके, कान, सगळं. पोरं आ करून ऐकत होती. त्या दिवसापासून मी पहिल्या बाकावर बसते आणि एकशिंगी म्हणणारा एक जण टाके पाहायचे म्हणून माझ्या मागं लागलेला आहे.

पण मामा येईना. मायला कळलं होतं का येत नाही ते. "मिशी राखली त्यानं," ती म्हणाली, "पण हात? तो हात तुह्या डोयाजवय आणाची त्याची छाती होत नाई."

माघात आजोबांनीच त्याला बैलगाडीत घालून आणलं. सोबत देवला, पेटी घेऊन. मायनं पाट मांडला, दिवा लावला, खोबऱ्याची वाटी ठेवली. मामा मांडी घालून बसला आणि मी, एवढी घोडी, त्याच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाले. आजोबा म्हणाले, "पाय घराबाहेर गेले बाळाचे."

देवलानं कात्री मामाच्या हातात दिली. खालून मला तिची दोन्ही पाती दिसत होती.

"देवला, तूच काप गा," मामा म्हणाला.

"पयली कात्री मामाची. बाकी मी करतो."

"माहा हात हालते."

"मंग डोये मिटून घे," आजोबा म्हणाले.

"बापा, असं कायले सांगतो. डोये मिटून कापीन का मी?"

तो खरंच रडवेला झाला होता. कुणी हसत नव्हतं. मला आठवलं की तेव्हा त्यानं "पाह्य" म्हणायच्या आधी "पाहू दे" मीच म्हटलं होतं. ते मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

"मामा," मी म्हणाले, "तवा मीच वाकली होती. तू बोलावलं नव्हतं."

"म्या पाह्य म्हटलं होतं."

"म्या हट्ट केला म्हणून म्हटलं. आता मी हालत नाई. नागपूरसारखी." आणि मी डोळे उघडेच ठेवले. मिटले असते तर त्याला वाटलं असतं मी भ्याले.

त्यानं डावा हात माझ्या कपाळावर ठेवला. खरबरीत, गरम हात. कात्री जवळ आली, थांबली, आणि कच्च. माझ्या नाकावर केस पडले आणि मी शिंकले.

"हालू नोको म्हटलं ना तुले," मामा ओरडला.

देवला पुढं सरकला. "आण, आता सारखं करतो."

"थांब गा," मामा म्हणाला. त्यानं उजव्या भुवईकडं पाहिलं, डाव्या भुवईकडं पाहिलं, पुन्हा उजव्या. इकडून थोडी, तिकडून थोडी. शेवटाला जरा जास्तच कापली आणि मग ते झाकायला आणखी थोडी. देवला पेटी मांडीवर घेऊन बसून राहिला.

"माहं काम काय मंग?" त्यानं विचारलं.

"माही मिशी कोर," मामा म्हणाला, मान वर न करता.

पंधरा दिवसांत भुवई परत वाढली. मायनं विचारलं, देवलाला बोलावू का. मी म्हटलं नको. परवा बाजार होता. मामा आला, शेंगांची पिशवी मायला दिली आणि खिशातून कात्री काढली. कारंज्याहून नवी आणलीय, लहान, टोकदार नसलेली. मला उजेडाकडं तोंड करून बसवलं आणि म्हणाला, "मागच्या खेपी तुही उजवीच वाकडी हाये असं वाटून राह्यलं मले. डावी बरोबर हाये."