आत्याचा ईसीजी आणि उद्याचा तलाव

दवाखान्याचा जिना आत्या एकेक पायरी गाळत चढली. मागून येणारी भाची कठड्याला धरून धापा टाकत म्हणाली, "अगं, तपासणी तुझी आहे की माझी?"

"तुझीही करून घे हवं तर!" आत्या वरूनच ओरडली.

आत्याच्या अंगात त्या दिवशी वारं शिरलं होतं आणि त्याला कारणही तसंच होतं. पोहायच्या हौदावर शिकवण्यात तिची उभी हयात गेली. अर्ध्या गावाला तिने पाण्यात ढकललं आणि उरलेल्या अर्ध्याला ओरडून ओरडून बाहेर काढलं. तिचे शिष्य दरवर्षी गावाबाहेरचा मोठा तलाव पोहून जायचे, पदकं मिरवायचे आणि ही बाई काठावर त्यांचे टॉवेल सांभाळत उभी. कारण स्पर्धेला वयाची अट होती. यंदा ती अट काढली. आता साठी उलटलेल्यांनाही उतरता येणार होतं, फक्त ईसीजी काढून डॉक्टरांची परवानगी आणायची. स्पर्धा उद्यावर आलेली. परवानगी मिळाली नाही तर पुन्हा टॉवेल सांभाळायचे, एवढा साधा हिशोब होता.

आतल्या खोलीत एक पलंग, एक पडदा आणि चहाच्या ट्रेएवढं मशीन होतं. त्यातून निघालेल्या वायरींचा गुंता सोडवत ईसीजी काढणाऱ्या ताई म्हणाल्या, "मावशी, वरचे कपडे काढा आणि हा झगा पुढून उघडा राहील असा घाला. गळ्यातलं, हातातलं काढून ठेवा."

"शॉक नाही ना बसणार?"

"छे हो! मशीन तुम्हाला काहीच देत नाही. तुमच्याच हृदयात जी बारीकशी वीज तयार होते, ती कागदावर उतरते. दुखत नाही, टोचत नाही. चार वायरी हातापायांना, सहा छातीवर, की झालं."

ताईंनी छातीवर पहिली चिकटपट्टी लावली. ती घसरली. दुसरी लावली, ती तर थेट बरगडीवरून खाली आली. तिसरी त्यांच्याच बोटाला चिकटून बसली.

"मावशी, अंगाला काय फासलंय?"

आत्याला लाजायची सवय नव्हती, पण आत्ता लाजली. लांबचं पोहणारे कातडी सोलवटू नये म्हणून अंगाला जाड मलम चोपडतात. ते तिने सकाळीच गळ्यापासून गुडघ्यापर्यंत थापलं होतं. "उद्या लावायचंय ना, म्हणून आज लावून पाहिलं. किती टिकतं ते."

"छान टिकलंय," ताई म्हणाल्या आणि कापसाचा अख्खा गठ्ठा घेऊन पुसायला लागल्या. पडद्याबाहेर भाची हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिली होती.

शेवटी वायरी लागल्या. "आता हलायचं नाही, बोलायचं नाही. स्वस्थ पडून राहा." आत्याने मान डोलावली, छाती भरून घेतली आणि गप्प झाली. मशीन गुरगुरलं, कागद बाहेर आला. ताईंनी तो पाहिला, पुन्हा पाहिला आणि तसाच डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

डॉक्टर स्वतःच आले. "आजी, कधी चक्कर येते? डोळ्यांपुढे अंधारी?"

एरवी 'आजी' म्हणणाऱ्याची तिने तिथल्या तिथे हजेरी घेतली असती. पण आत्ता तिची नजर त्यांच्या हातातल्या कागदावर होती. "नाही. का हो?"

"ठोके फारच संथ दिसतायत."

गेलं, सगळं गेलं, तिला वाटलं. उद्या सगळे पाण्यात उतरणार आणि आपण पुन्हा काठावर.

भाची पडदा सारून आत आली. "आत्या, खरं सांग. तू श्वास घेत होतीस का?"

"कसा घेणार? स्वस्थ पड म्हणाल्या ना! मी रोखून धरला होता."

"इतका वेळ?" डॉक्टर थक्क झाले. "अहो, नेहमीसारखा घ्यायचा असतो!"

पुन्हा कागद लावला. या वेळी आत्याने श्वास घेतला, सोडला, छताकडे पाहत राहिली. काही न करता पडून राहणं तिला पाण्याखाली बसण्यापेक्षा जड गेलं. डॉक्टरांनी नवा कागद उजेडात धरला आणि हसले. "अजूनही जरा संथच आहे. पण वर्षानुवर्षं पोहणाऱ्यांचं हृदय असंच निवांत चालतं. बाकी सगळं ठणठणीत. मात्र पाण्यात छातीत दुखलं किंवा गरगरलं, तर हट्ट न करता हात वर करायचा. कबूल?"

"कबूल!"

पट्ट्या ओढून काढताना तेवढी आत्या "आई गं" म्हणाली.

खाली रस्त्यावर येताच भाचीने तिला मिठी मारली. पण आत्या दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसली.

"काय झालं गं? बरं वाटत नाहीये का?"

"इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले, नियम आड येतो, नाहीतर दाखवलं असतं. आजही मनात कुठेतरी वाटत होतं, डॉक्टरच नको म्हणतील." तिने कपाळावरचा घाम पुसला. "आता कुणाच्या नावाने खडे फोडू? आता पोहावंच लागणार."

"भीती वाटतेय?"

"मरणाची!" आत्या म्हणाली आणि येणारेजाणारे वळून पाहतील इतक्या मोठ्याने हसत सुटली. "चल, हात दे, मला उद्याच्या आधी अजून एकदा पाण्यात उतरायचंय."