पॅटीस आलेत

बर्विनची गाडी क्लबच्या मागच्या दाराशी थांबली तेव्हा डेलिथ स्टेजवर शेवटचं गाणं म्हणत होती, आणि मी दोन्ही हात पसरून स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. बर्विन आमचा बेकरीवाला. त्याच्या हातात खिम्याच्या गरम पॅटीसचा भला मोठा ट्रे होता आणि त्याला आत यायचं होतं.

"गार होतील, एमलिन," तो म्हणाला.

"होऊ देत."

मला वेड लागलंय की काय, अशा नजरेनं त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचंही बरोबरच होतं. आमच्या खाणकामगारांच्या क्लबात रविवारी दुपारी गाणी चालू असताना पॅटीस आले, की सेक्रेटरीनं ताबडतोब माईकवर सांगायचं असतं. गाणारा कोणी का असेना. हा नियम पाळण्यात माझा हात धरणारा या दरीत दुसरा कोणी नाही.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी मी नवाकोरा सेक्रेटरी होतो. त्या रविवारी सतरा वर्षांची डेलिथ प्रॉसर पहिल्यांदाच स्टेजवर उभी राहिली. आठवडाभर ती कारखान्यात कपड्यांच्या चेनी जोडायची आणि रविवारी चॅपलमध्ये प्रार्थनागीतं गायची. चॅपलनं तिला दमसास दिला होता. कार्डिफच्या बंदरावर कामाला असलेल्या तिच्या मामानं अमेरिकन रेकॉर्डी आणून त्यात भलतंच काहीतरी मिसळलं. खाणीतून परतणाऱ्या बापाची वाट बघणाऱ्या मुलीचं गाणं ती म्हणत होती. एकेक पायरी चढत ती सगळ्यात वरच्या सुराच्या उंबऱ्याशी आली, डोळे मिटले, श्वास घेतला. नेमक्या त्या फटीत मी माईकवर म्हणालो, "मित्रहो, पॅटीस आलेत."

दोनशे खुर्च्या एकदम सरकल्या. डेलिथनं डोळे उघडले तेव्हा तिच्यासमोर फक्त पाठी होत्या.

आमच्याकडे दर तिसऱ्या घराचं आडनाव डेव्हिस, म्हणून माणसं कामावरून ओळखली जातात. बर्विन पाव, आयव्हर कोळसा, अशी. त्या दिवसापासून ती झाली डेलिथ पॅटीस आणि मी एमलिन माईक. पुढं ती लंडनला गेली. तिची रेकॉर्ड देशात तिसऱ्या नंबरावर पोचली, तेव्हा हिरव्या चमचमत्या झग्यातली आमची डेलिथ टीव्हीवर बघायला निम्मी गल्ली आमच्या घरात कोंबली होती. अमेरिका झाली, दोन नवरे झाले. मग काळ फिरला आणि ती प्रवासी जहाजांवर, जेवणाऱ्या लोकांपुढं गायला लागली. आणि गेल्या वर्षी कुठल्या तरी पोरांनी तिची जुनी रेकॉर्ड उकरून काढली, तशी दुनियेला ती पुन्हा आठवली. दर मुलाखतीत ती पॅटीसची गोष्ट सांगायची. चारचौघांत मीही हसायचो. घरी मात्र ती गोष्ट सुरू झाली की मी रेडिओ बंद करायचो, हे माझ्या बायकोला, ओल्वेनला, ठाऊक होतं. मला लाज वाटायची. एक्केचाळीस वर्षं वाटत होती.

म्हणून ती क्लबात पुन्हा तेच गाणं गायला येणार असं कळलं, तेव्हाच मी ठरवलं होतं. अख्खी दरी उपाशी मेली तरी चालेल, पण तो सूर या वेळी लागला पाहिजे.

वयानं तिचा आवाज खाली आला होता, थोडा खरखरीतही झाला होता. पण गाणं ऐकून ओल्वेन केव्हाची डोळे पुसत होती. डेलिथ चढत चढत त्या उंबऱ्याशी आली, श्वास घेतला आणि थांबली.

मला वाटलं, संपलं, आता तिला ते जमत नाही. पण ती सरळ माझ्याकडे बघत होती. माझे पसरलेले हात, माझ्या खांद्यावरून डोकावणारा बर्विन, सगळं तिला दिसत होतं.

"काय रे एमलिन," ती माईकवर म्हणाली, "पॅटीस आलेत ना? मग सांग की."

सगळा हॉल माझ्याकडे वळला. मी मान हलवली. "तुझं होऊ दे आधी," मी म्हणालो.

"नियम म्हणजे नियम. सांग."

मी स्टेजपाशी गेलो. तिनं वाकून माईक माझ्या तोंडाशी धरला. 

"मित्रहो," मी म्हणालो, "पॅटीस आलेत."

एकही खुर्ची सरकली नाही.

मग डेलिथनं तो सूर लावला. जुन्या उंचीवर तो नव्हता, पण होता भरलेला, आणि तिनं तो इतका वेळ धरला की बर्विननं ट्रे जमिनीवर ठेवला आणि टोपी काढली. मागच्या खुर्च्यांवरून पुरुषांनी खालचा स्वर धरला, बायकांनी मधला. आमच्याकडे ते कुणाला सांगावं लागत नाही. मीही गायलो. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी ओल्वेनला तिथंच सांगून टाकलं.

लोक पांगल्यावर मी एका बशीत दोन पॅटीस घेऊन डेलिथपाशी गेलो. स्टेजच्या पायरीवर ती बूट काढून बसली होती.

"गार झालेत," मी म्हणालो. "आणि त्या दिवसाचं... माझं चुकलंच, डेलिथ."

"गाण्याचं सोड रे," पॅटीसचा मोठा घास घेत ती म्हणाली. "गाणी मी पुढं हजार म्हटली. पण भीतीनं सकाळपासून पोटात काही गेलं नव्हतं, आणि मी खाली उतरेपर्यंत एकसुद्धा पॅटीस शिल्लक नव्हता. राग त्याचा होता."

त्या दिवशी मी तीन खाल्ले होते. हे मी तिला सांगितलं नाही. माझा पॅटीस तेवढा तिच्या बाजूला सरकवला.