पार्वतम्माची मेस आणि माझ्या लिंका

माझी सुकन्याताई नीटच्या क्लाससाठी लातूरला गेली आणि तीन मेस बदलूनही तिचं पोट काही सुधरेना. मी तेव्हा नांदेडला नववीत. सुट्टीत गेले, अकरा मेसमध्ये जेवले आणि ब्लॉगच लिहिला! कुठं वरणात डाळ शोधावी लागते, कुठं भाकरी तव्यावरून थेट ताटात येते, सगळं. पहिला नंबर निलंग्याकडच्या पार्वतम्माला.

नेटवर ‘लातूर मुलींची मेस’ टाकलं की सगळ्यात वर मी! पार्वतम्माकडच्या बारा पोरींच्या चाळीस झाल्या. तिनं शेजारची खोली भाड्यानं घेतली, दोन बायका कामाला लावल्या. मुखेडचे, धर्माबादचे बाप मला फोन करून ‘मॅडम’ म्हणायचे. दोन वेण्यांची मॅडम!

मग एका मोठ्या क्लासची जाहिरातीचं काम बघणाऱ्या संगमेश सरांचा फोन आला.

"शिवानी, तुझ्या पानांवर आमच्या क्लासची लिंक टाक. चांगल्या साइटवर लिंक असली की सर्चमध्ये आम्ही वर येतो. दर महिन्याला पैसे देऊ."

"पण सर, क्लास मी बघितलेला न्हाई."

"अगं, तारीफ कर म्हणलो का? नुसती लिंक."

अकराच्या अकरा पानांवर टाकल्या. ताई चिडली, "त्या क्लासात एका बाकावर पाच पोरी बसवायलेत, माहीत हाय का?"

"मेसचं तर खरंच लिहिलंय ना मी?" माझा तोरा.

मे महिन्यात सर्चचे नियम बदलले. पैसे घेऊन लिंका देणाऱ्या साइट खाली ढकलल्या. मी एकदम नवव्या पानावर. तिथवर कोण जातंय? लगेच सरांचा फोन, "आमची लिंक काढ आधी. तुझ्यामुळं आमचं नाव खराब व्हायलंय."

माझ्यामुळं!

काढल्या. तरी वर आले न्हाई. सर मात्र जाहिरातीचे पैसे भरून सगळ्यात वर, आणि खाली त्यांचीच नवी मेस.

जूनमध्ये लातूरला गेले, तर पार्वतम्माकडं नऊच ताटं. शेजारच्या खोलीला कुलूप.

"पोरी, माझं लिहिलेलं काढलीस का गं?"

"न्हाई, हाय की."

"मग पोरी का येईनात?"

 तडक बसस्टँड गाठलं. हदगावच्या गाडीतून एक काका लेकीला घेऊन उतरले. मी पुढं झाले, "काका, मेस बघायलात का? पार्वतम्माकडं जावा. मी जेवलेय तिथं."

त्यांनी मोबाइलवर शोधलं. "नावच दिसत न्हाई हिचं." मग माझ्याकडं वरखाली बघितलं. "कमिशन किती मिळतंय तुला?"

"पार्वतम्माकडून एक रुपया न्हाई!"

"मग कुणाकडून?"

 काकांनी लेकीची बॅग उचलली आणि रिक्षावाल्याला संगमेश सरांच्या क्लासचं नाव सांगितलं.