उस्ताद जिना उतरत नाहीत

उस्तादांनी बत्तीस वर्षं रुग्णवाहिका चालवली. आता फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांना तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीपाशी बसवून ठेवलं होतं. त्यांनी घरच्यांना एकच गोष्ट बजावली होती: काहीही झालं तरी हॉस्पिटलात न्यायचं नाही. तसं लिहून, खाली सही करून तो कागद त्यांनी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला होता. वस्तीतल्या घरभेट पथकाची सिस्टर एक दिवसाआड येई. तिने लेकीला शिकवून ठेवलं होतं: दम लागला की पुढे उशी द्यायची, तोंडावर पंखा, औषध मापाने, आणि मग मला फोन.

त्या दुपारी लागलेला दम थांबेना. लेकीने उशी दिली, पंखा लावला, औषध दिलं. तरी उस्तादांचे खांदे वरखाली होतच राहिले. त्यांना भेटायला आलेल्या धाकट्या मुलाला ते बघवेना. त्याने सिस्टरला विचारलंच नाही, थेट रुग्णवाहिका बोलावली.

स्ट्रेचर घेऊन आत आलेला चालक निघाला उस्तादांच्याच हाताखाली शिकलेला.

"उस्ताद, तुम्ही?"

"उशीर केलास," उस्ताद धापा टाकत म्हणाले. "तीन मजले... आणि एवढा वेळ?"

"बाबा, थट्टा पुरे!" मुलगा म्हणाला. "उचला हो यांना."

उस्तादांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "लावून बघ हात."

"मग काय, इथे तडफडत ठेवू तुम्हाला?"

"शेवटच्या दिवसांत... मी किती जणांना नेलं. याला विचार, त्यातले घरी... किती परत आले."

चालकाने दारावरचा कागद वाचला. "दादा, हे शुद्धीवर आहेत आणि नको म्हणतायत. मी जबरदस्ती करणार नाही."

तेवढ्यात लेकीने सिस्टरला फोन लावून स्पीकरवर टाकला होता.

"औषध किती दिलंस?" सिस्टरने विचारलं.

लेकीने औषधाची बाटली मुठीत लपवली.

"ताई, किती?"

"अर्धं. आठवडाभर अर्धंच देतेय. मॉर्फिन आहे ना ते. सवय लागेल म्हणून..."

मुलगा बहिणीकडे बघतच राहिला. उस्ताद मात्र खुदकन हसले, आणि त्या हसण्यानेही त्यांना खोकला आला. "लागू दे की! या वयात... एक तरी व्यसन."

"रागवत नाही मी," सिस्टर म्हणाली. "पुष्कळ घरांत असंच होतं. राहिलेलं अर्धं आत्ता दे आणि वीस-पंचवीस मिनिटं वाट बघा. मी निघालेच."

"एवढा वेळ?" मुलगा ओरडला. "आणि तेवढ्यात काही झालं तर?"

"झालं तर इथे होईल," उस्ताद म्हणाले.

चालकाने स्ट्रेचर मिटून भिंतीला टेकवलं आणि तो जमिनीवर बसला. हळूहळू उस्तादांचे खांदे खाली आले. मग एक अख्खं वाक्य ते न थांबता बोलले: "नकाराचा फॉर्म आण, सही करतो."

सहीचं अक्षर ठळक आलं. चालक निघाला तेव्हा सिस्टर जिना चढून आली. तिने आधी उस्तादांची नाडी बघितली, लेकीच्या पाठीवर हात ठेवला, मग वाटीत पाणी घेऊन औषध मोजायची सिरिंज मुलाच्या हातात दिली.

"मी?" मुलगा म्हणाला.

"तुम्हीच. आधी पाण्यावर शिका."

मुलाने सिरिंज भरली. सिस्टर काही म्हणायच्या आत खुर्चीतून आवाज आला.

"पुरती रेषेपर्यंत भर. थेंबभरही कमी चालणार नाही मला."