तीन प्रतींचा पुठ्ठा

चंद्रभानने सुतळीची गाठ दातांनी सोडवली आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या लहानू बाइंडरच्या फळीवर मांडल्या.

लहानूने एक पट्टी उचलून उजेडापुढे धरली.

"हे तं मागावरचे नक्षीचे पट्टे हायेत गा. नानाजीले विचारलं काय?"

"माग होळीपासून बंद हाये. बाबा उमरेडले गेले."

"म्हंजे नाही विचारलं."

१९७४ च्या त्या टंचाईत वहीच्या कागदालाही रांग लागत होती. जाड पुठ्ठा इतवारीतल्या एकाही दुकानात नव्हता. चंद्रभानच्या प्रबंधाच्या तीन बांधीव प्रती उद्या तयार नसल्या, तर कॉलेजातली अधिव्याख्यात्याची जागा दुसऱ्याला जाणार होती.

लहानूने पहिले पान वाचले. "भारत आणि फिनलंड : कागद व पुठ्ठा यांचा वीस वर्षांतील व्यापार. अन् पुठ्ठाच नाही! त्या फिनलंडवाल्याईलेच एक पत्र टाकाचं होतं ना, मास्तर."

चंद्रभान हसला नाही. आलेखात फिनलंडच्या निर्यातीची रेघ पानाच्या माथ्याला टेकली होती; भारताची तळाशी सरपटत होती. तरीही मार्गदर्शकांच्या आग्रहावरून त्याने शेवटच्या प्रकरणात लिहिले होते, की पुठ्ठ्याच्या बाबतीत देश लवकरच स्वयंपूर्ण होईल.

"चिकटव," तो म्हणाला. "दोन थर दे. वरून काळं कापड."

दुसऱ्या दिवशी दोन प्रती विद्यापीठात देऊन स्वतःची तिसरी प्रत घेऊन तो घरी आला, तेव्हा नानाजी अंगणात पाय धूत होते. वडिलांचा चेहरा इतका उजळ त्याने कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

"विनकर सोसायटीनं सूत देलं, बाबू! म्हंते, रुईफुलाचीच किनार पाहिजे. दुसऱ्या कोनाकडं हायेच कुठी ते?"

ते खरेच होते. नानाजींच्या वडिलांनी त्या नक्षीचे एकेक भोक पट्ट्यांत हाताने पाडले होते. नक्षी घराबाहेर जाऊ नये, म्हणून त्या घरात पट्ट्यांची दुसरी जोडी कधी केलीच नव्हती.

"खुंटीवरचे पट्टे कोनं काढले गा? झटकाले घेतले काय तुह्या मायनं?"

चंद्रभानने हातातला प्रबंध पुढे केला.

नानाजींनी ओले हात धोतराला पुसले आणि तो जपून घेतला.

"झालं तं एकदाचं! काय लिहिलं यात?"

"दोन देशांची तुलना."

"कोन जितलं?"

नानाजींचा हात काळ्या कापडावरून कौतुकाने फिरत होता. मध्येच तो थांबला. बोटे मागे आली. कापडाखालच्या एका खळग्यात टेकली, मग शेजारच्या, मग त्याच्या खालच्या. मागावर बसल्यावर हलत, तसे त्यांचे ओठ हलू लागले. त्यांनी प्रबंध उलटा केला आणि पाठचा पुठ्ठाही तसाच चाचपला.

"पाकळी हाये," ते म्हणाले. "देठ कुठी हाये?"

"विद्यापीठात, बाबा."