रांजणात राहिलेली बहीण

“चल रे जिवा चल, नको राहू नदीकाठी,
घरी चूल पेटली, ताट मांडलं तुझ्यासाठी.”

मित्रांनो, ही हाक अजून माझ्या पोटात घुमते. हाक देणारी या घरची आई कधीच गेली. पण संध्याकाळचा वारा माझ्या तोंडावरून वाहू लागला की मी ती हळूच परत म्हणतो. मी मातीचा एक म्हातारा रांजण, फिलिपीन्सच्या उत्तरेला, इलोकोसच्या किनाऱ्यावर, एका दाराशी बसलेला.

माझी माती रेड्यांच्या पायांखाली तुडवली गेली. भट्टीत मी असा तापलो की निवायला कित्येक दिवस लागले. मग आईने मला पेंढ्यात गुंडाळून बैलगाडीतून घरी आणले आणि माझ्यात उसाचा रस ओतला. रस आंबून त्याचे व्हिनेगर व्हायला महिनोन्महिने जातात. माझे व्हिनेगर चाखून शेजारणी डोळे मिचकावत आणि म्हणत, “हा रांजण नाही बाई, देवमाणूस आहे!” मी तेव्हा फार सुखात होतो.

घरात दोन मुले होती. लिओनिला थोरली, आर्तेमियो धाकटा. लिओनिला झाकण सरकवून आत हाक मारायची, “तेमियोऽऽ!” मी तिचाच आवाज परत द्यायचो. तेमियो घाबरून आईला बिलगायचा. “आत दुसरी मानांग आहे!” मानांग म्हणजे थोरली बहीण.

त्या गावात असे मानतात की जीव लहान मुलासारखा विसरभोळा असतो. माणूस उठून चालू लागतो आणि जीव मागेच खेळत बसतो. म्हणून कुठूनही निघताना त्याला हाक मारायची. नदीवरून असो की जत्रेतून, आई ही हाक मारायला कधी चुकली नाही.

आई गेली. मग लिओनिलाला दूर अमेरिकेच्या हवाई बेटांवर, म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करण्याचे काम मिळाले. ती निघाली तेव्हा तेमियोला नुकती मिसरूड फुटली होती. शेजारचा बास्योंग आपली तीनचाकी घेऊन बाहेर भोंगा वाजवत होता.

ती उंबऱ्यावर थांबली. “तेमियो, हाक मार ना रे. आता तूच आहेस.”

“मारली मनात,” तो म्हणाला. “जा, उशीर होतोय.”

तीनचाकी गेली, धूळ खाली बसली. मग त्याने माझे झाकण काढले, चेहरा आत घातला आणि एकच शब्द बोलला. “थांब.”

खरे सांगतो मित्रांनो, माझ्यात कुणी काही ओतले नव्हते, तरी मी जड झालो.

लिओनिला तिकडची नागरिक झाली. भावाला कायमचे बोलावून घ्यायचे म्हणून तिने सरकारकडे अर्ज केला. पण भावंडांची रांग फार लांब. दर महिन्याला एक तारीख जाहीर होते आणि त्या तारखेआधी ज्यांनी अर्ज केला त्यांनाच बोलावणे येते. ती तारीख कधी मुंगीच्या पावलाने पुढे जाते, कधी चक्क मागे फिरते. त्यात, अर्ज करणारी बहीणच मेली, तर बहुतेक वेळा अर्जही तिच्याबरोबर जातो.

तेमियो निघायला तयार होऊन बसला, आणि बसूनच राहिला. छप्पर गळू लागले, त्याने शाकारले नाही. एक मुलगी त्याच्यासाठी थांबली होती. शेवटी तिने दुसरे घर केले. ऊस तयार झाला की बास्योंग विचारायचा, “रस घालू का रे रांजणात?”

“तो आंबेपर्यंत मी इथं कुठला असायला?”

“अरे अमेरिकानो, तुझं विमान काय बैलगाडीवर लादून आणतायत?”

मी रिकामाच राहिलो. पण रिकामा तरी कसा म्हणू? भर दुपारी, वारा नसताना, माझे झाकण थरथरायचे. आतून कुणीतरी गुणगुणायचे. तेमियो जाता-येता झाकणावर हात ठेवायचा, झोपलेल्या मुलाला थोपटावे तसा.

लिओनिला दोनदा येऊन गेली. माझ्या शेजारच्या बाजेवर ती गाढ झोपायची.

“इथं कशी रे झोप लागते मला! तिकडं डोळ्याला डोळा लागत नाही. जेवायला बसले तरी वाटतं, खुर्ची रिकामीच आहे.”

तेमियोने माझ्याकडे पाहिले. “हवा बदलते, मानांग.”

दोन्ही वेळा तिला निरोप देताना त्याने हाक न मारता ओठ मिटून घेतले.

मग एकदा फोनवर तिचा आवाज बारीक झालेला मला ऐकू आला. “मूत्रपिंडं गेली रे माझी. यंत्र रक्त धुऊन देतं. तुझी तारीख आधी येते की माझी, शर्यत लागलीय बघ!” ती हसली. तो हसला नाही. फोन ठेवून तो माझ्या पोटाला पाठ टेकून अंधार पडेपर्यंत बसून राहिला.

आणि त्याची तारीख आली. मनिलाला जाऊन तो व्हिसाचा शिक्का घेऊन आला. तिकडे ती अजून तग धरून होती.

निघायच्या सकाळी पिकल्या केसांचा बास्योंग तीनचाकी घेऊन आला. “चल अमेरिकानो, पन्नाशीला टेकलास, आता तरी नीघ! रांजण मी नेतो. त्याला रस पाजतो. बिचारा उपाशी आहे.”

मित्रांनो, मी तुमच्याकडे एवढेच मागतो. ज्याचे माणूस दूर गेले आहे, त्याच्या घरची भांडी रिकामी राहू देऊ नका. रस घाला, पाणी घाला, मूठभर तांदूळ घाला. आणि जाणाऱ्याला हाक द्यायची असेल तर त्याच दिवशी देऊन टाका. रिकाम्या भांड्यात ती मुरत नाही. नुसती जड होत जाते.

तेमियो पिशवी खाली ठेवून माझ्याजवळ आला. त्याने झाकण उचलले. माझ्यातून जुन्या व्हिनेगरचा आंबूस वास वर आला.

“मानांग,” तो आत वाकून म्हणाला, “मनात मारली म्हणालो होतो ना, ते खोटं होतं. मी तुला थांब म्हणालो होतो. मला एकट्याला भीती वाटत होती गं.”

बाहेर भोंगा वाजला. “अरे, कुणाशी बोलतोयस?”

 तेमियोने दोन्ही हातांनी माझा काठ धरला, जणू कुणाला तरी आतून उचलून घ्यायचे होते.

“चल मानांग, चल. मागं राहू नकोस.”