बारका अटॅक

दिग्रसच्या मार्केट यार्डात सोयाबीनचा हर्रास सुरू झाला, की बळीरामचा आवाज रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत जायचा. ढिगाऱ्यापाशी उभं राहून तो बोली पुकारायचा. व्यापाऱ्यांनी नुसती मान हलवली तरी त्याला कळायचं. कितीही गर्दी असो, त्याची जीभ कधी अडखळली नव्हती. गावात लग्न असलं तरी लोक माईक बाजूला ठेवून त्यालाच म्हणायचे, "बळीभाऊ, पंगत बसली म्हनून पुकारा बरं."

त्या दिवशी ऐन हर्रासात, बोली चढत असताना, त्याच्या छातीत धडधडायला लागलं. आधी त्यानं लक्ष दिलं नाही. मग हातांना मुंग्या आल्या, घसा आवळल्यासारखा झाला आणि तोंडातला आकडा तोंडातच राहिला. समोरचे चेहरे लांब लांब जायला लागले. आता आपण मरतो, एवढंच त्याला स्पष्ट कळलं. तो पोत्यांच्या थप्पीला टेकून खाली बसला. "अटॅक आला, अटॅक आला," असा गलका झाला. त्याची मुलगी समीक्षा जवळच कॉलेजात होती. ती धावत आली आणि कोणाच्या तरी गाडीत घालून त्याला यवतमाळला घेऊन गेली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी खुर्ची ओढून त्या त्याच्या पलंगाशी, समीक्षाशेजारी बसल्या.

"तुमचं हृदय ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "हा भीतीचा झटका होता. अंग खरंच तसं करतं, तुम्ही काही नाटक केलं नाही. पण यानं माणूस मरत नाही."

"भेव? मले?" बळीराम म्हणाला.

बाईंनी विचारलं, चहा किती, तंबाखू-सुपारीचा खर्रा किती, झोप किती. उत्तरं ऐकून त्यांनी डोक्याला हात लावला. सध्या गोळी देत नाही, म्हणाल्या. खर्रा बंद, चहा सकाळचा तेवढा. रोज पायी फिरायचं. भीती आली की पळायचं नाही, बसायचं. पाय जमिनीला टेकवायचे, नाकानं श्वास घ्यायचा आणि घेतला त्याहून सावकाश सोडायचा. एवढं करून महिन्याभरात फरक नाही पडला तर परत या, मग औषधाचं बघू.

गाडीत बळीरामला हलकं वाटत होतं. पण दिग्रस जवळ आलं तसं त्याला यार्ड आठवलं. एवढ्या लोकांसमोर पडलो, आणि कशानं? भेवानं!

घरासमोर माणसं जमली होती. त्याची बायको इंदूबाई रडून रडून सुजलेल्या डोळ्यांनी दारात उभी होती. गर्दीतून कोणीतरी विचारलं, "अटॅकच होता ना, भाऊ?"

बळीरामनं एकदा समीक्षाकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला. "बारका होता."

समीक्षा हातातली दवाखान्याची फाईल घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. केळी, सफरचंद, कोणी देवाचा अंगारा. इंदूबाईनं वरणातलं मीठ काढलं, तेल काढलं, आणि स्वतःही तसंच अळणी जेवायला लागली. "तुम्ही एकट्यानं कायले खायचं," म्हणायची. सोमवारी उपास धरला. ती देवापुढे हात जोडून बसली, की बळीराम तिच्याकडे पाठ करून अंगणात जायचा.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं मात्र तो करत होता, चोरून. भीती यायची ती कधीही यायची. दाढी करताना, जेवताना, एकदा तर नुसता बैलाला पाणी दाखवताना. मग तो गोठ्यात जाऊन कडी लावायचा, चप्पल काढून थंड जमिनीवर पाय टेकवायचा आणि श्वास मोजायचा. गव्हाणीतली वैरण, दावं, कोपऱ्यातली कुदळ, एकेक वस्तू डोळ्यांनी धरून ठेवायचा. हळूहळू लाट उतरायची. पहाटे शेताच्या वाटेनं लांबपर्यंत चालून यायचा. खर्ऱ्याशिवाय पहिले दिवस फार वाईट गेले; चिडचिड व्हायची. पण नंतर झोप लागायला लागली. चेहऱ्यावर रंग आला. लोक म्हणायला लागले, बळीभाऊ अटॅकमधून उठून पहिल्यापेक्षा बरा झाला.

फुलचंदही तेच म्हणाला. फुलचंद हा यार्डातला मापारी, जवळच्या तांड्यावरचा. बळीरामनं भाव पुकारायचा आणि फुलचंदनं माल मोजायचा, अशी त्यांची जोडी तरुणपणापासूनची. फुलचंदच्या हृदयात मागेच स्प्रिंग बसवली होती आणि त्याला रोज गोळ्या घ्याव्या लागायच्या. त्या गोळ्यांचा त्याला फार वैताग होता.

"तुले कोनत्या गोळ्या देल्ल्या?" त्यानं ओट्यावर बसत विचारलं.

"एकबी नाही," बळीराम म्हणाला. ते खरंच होतं, म्हणून जीभ चटकन वळली. "पायी चालतो. खर्रा सोडला, चहा कमी केला. अन् श्वासाचं करतो थोडं. बस."

"अटॅकवर? बिनागोळीचा?"

"मंग पाहून राह्यला ना मले."

फुलचंद त्याच्याकडे पाहतच राहिला. त्यानं श्वास कसा घ्यायचा ते विचारून घेतलं आणि बळीरामनं त्याला तिथंच, ओट्यावर बसवून शिकवलं. शिकवताना त्याला बरंही वाटलं, हे त्याला नंतर सगळ्यात जास्त आठवायचं.

फुलचंद गेल्यावर समीक्षा आतून बाहेर आली. "बाबा, फुलचंदकाकाले तरी खरं सांगा ना."

"कायले? त्याचं काय जाते?"

"मले रोज आईपुढे खोटं बोला लागते."

"तुले कोनी बोलाले लावलं? गप राह्यजो," तो खेकसला. त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायला लागली.

दिवाळी होऊन कापूस घरात यायला लागला, तेव्हाची गोष्ट. बळीराम सकाळी यार्डात पोचला तर काट्यापाशी फुलचंद नव्हता. घरीच छातीत कळ येऊन तो पडला, त्याला यवतमाळला नेलं, असं हमालांनी सांगितलं. बळीराम तसाच एसटीत बसला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात फुलचंदची बायको उर्वशी भिंतीला टेकून बसली होती. भोवती तांड्यावरची चार माणसं होती. बळीरामला पाहून ती उठली.

"कसा हाये, वहिनी?"

"वाचले म्हनते डॉक्टर. पन अजून आतमंदीच हायेत." तिनं पदरानं तोंड पुसलं. "भाऊ, तुमी सांगतलं तसंच करून राह्यले होते. रोज चालाले जायचे. श्वासाचं करायचे. मी म्हनलं, गोळ्या काहून नाही घेत? तर म्हने, बळीराम बिनागोळीचा उठला, मी का त्याच्याहून कमजोर हावो? आज कळ आली तरी बसून श्वासच घेत होते. मी गाडी बोलावतो म्हनलं तर म्हने थांब, उतरते आता." ती थांबली. "भाऊ, तुमचं उतरलं, मंग ह्यांचं काहून नाही उतरलं?"

तिच्या विचारण्यात राग नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

बळीरामच्या छातीत धडधड सुरू झाली. बोटांना मुंग्या आल्या. इथून निघून जावं, असं त्याला फार वाटलं. बाहेर जायचा रस्ता समोरच होता. पण उर्वशी उत्तराची वाट पाहत होती.

"वहिनी, मले अटॅक आलाच नव्हता," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"माह्यं हार्ट चांगलं हाये. मले भेव लागते. उगाच लागते, कायचंबी. त्यानं पडलो होतो. श्वास घेतला का भेव उतरते, हार्टचं नाही उतरत. मी समद्याईले खोटं सांगतलं. फुलचंदलेबी."

ज्या आवाजानं आख्खं यार्ड भरायचं, तो आवाज शेजारच्यालाही नीट ऐकू गेला नाही. तांड्यावरच्या एका म्हाताऱ्यानं "काय म्हनते तो?" असं विचारलं आणि बळीरामला सगळं परत, मोठ्यानं सांगावं लागलं. तो सगळ्यांसमोर फरशीवर बसला, चपला काढल्या आणि सावकाश श्वास सोडायला लागला. कोणी पाणी आणलं नाही. कोणी हसलंही नाही.

बऱ्याच वेळानं उर्वशी म्हणाली, "तुमी जा आता घरी, भाऊ."

घरी जाऊन त्यानं इंदूबाईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकलं, सूप खाली ठेवलं आणि समीक्षाकडे वळून विचारलं, "तुले मालूम होतं?" समीक्षानं हो म्हणून मान हलवली. इंदूबाई उठून आत गेली. संध्याकाळी वरणात मीठ होतं. तिनं त्याला वाढलं आणि स्वतः मुलीबरोबर दुसऱ्या खोलीत जेवली.

गावभर व्हायला वेळ लागला नाही. टपरीवर पोरं त्याला पाहून छाती धरायची आणि खुर्चीवरून घसरायची. बळीराम मान खाली घालून पुढे जायचा. हर्रास त्यानं सोडला नाही, पण पंगत पुकारायला त्याला आता कोणी बोलावत नव्हतं, आणि बोलावलं असतं तरी तो गेला नसता. समीक्षा मात्र पहाटे त्याच्याबरोबर फिरायला यायला लागली. फारसं बोलायची नाही, नुसती बाजूनं चालायची.

फुलचंद तुरीच्या हंगामात कामावर आला. वाळला होता. दिवसभर त्यानं माल मोजला, बळीरामकडे पाहिलंसुद्धा नाही. संध्याकाळी यार्ड रिकामं झाल्यावर तो काट्यापाशीच बसून राहिला. बळीराम जाऊन थोडा लांब बसला.

"मी मेलो असतो," फुलचंद म्हणाला.

"हो."

"मले काहून नाही सांगतलं? गावाचं सोड. मले?"

"लाज वाटली."

"अन् आता?"

"आता जास्त वाटते."

फुलचंदनं काट्यावरची धूळ हातानं पुसली. मग त्यानं विचारलं, "कायचं भेव लागते तुले?"

हे बळीरामला आजवर डॉक्टरीणबाईंनीही विचारलं नव्हतं. "पुकारता पुकारता आवाजच निघनार नाही, असं वाटते," तो शेवटी म्हणाला. "अन् मंग मले कोनी विचारनार नाही."

फुलचंदनं मान डोलावली. गुडघ्यावर हात टेकून तो कष्टानं उठला. "लागलं तर मले सांगत जाजो," तो म्हणाला. "गावाले नोको सांगू."

"गावाले समदं मालूम हाये आता."

"हाव, ते बी हाये," फुलचंद म्हणाला, आणि सावकाश, दम खात, फाटकाकडे चालायला लागला. बळीराम उठून त्याच्या मागोमाग निघाला. बरोबरीनं चालायची त्याची हिंमत झाली नाही.